तिसऱ्या पेरावर

कँडलबार्क, १२ मार्च २०१८

ग्लेनिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? मग शेकोटीत टाकायच्या आधी एवढं एकच वाक्य वाच. मला कॅन्सर झालाय आणि गेल्या वीस वर्षांत मी इतकी खुशीत नव्हते.

वेड लागलेलं नाही. सांगते.

आपलं गोखरू आठवतं? आधी आईचं, मग माझं, आणि तू कितीही नाही म्हणालीस तरी तुझंही. लोकरीत काटा अडकावा तशी तिथे, दोन पायांच्या मध्ये, टोचणारी खाज. आई भांडी घासताना मध्येच थांबायची, ओट्याच्या कडेला मांडी घासायची आणि म्हणायची, "आज गोखरू फार छळतंय गं." आपण दोघी फिदीफिदी हसायचो. तर त्या गोखरूला नाव आहे! डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेलं नाव, लायकेन स्क्लेरोसस. कातडीचा रोग. बाकी कुणाला विचारायची सोय नसल्यामुळे मी आजवर त्याला म्हातारपण म्हणत होते.

फेब्रुवारीत मेंढ्यांच्या मागची घाण झालेली लोकर कातरत होतो. नेव्ह मदतीला आला होता. कुंपणापलीकडचा आपला नेव्हच, गुडघा नवा बसवलाय, जीभ जुनीच आहे. एका म्हाताऱ्या मेंढीची शेपटी उचलली तर खाली खरखरीत गाठ. मी नेव्हला व्याख्यानच झोडलं. "हे बघ, शेपटीखालची गाठ आपणहून जात नसते. उचलून बघावं लागतं. ज्याला बघायची लाज वाटते त्याने मेंढ्या पाळूच नयेत."

"हो, बाईसाहेब," नेव्ह म्हणाला.

आणि मी कातर खाली ठेवली. कारण महिनाभर आंघोळ करताना माझ्याच बोटाला काहीतरी लागत होतं, आणि मी बोट काढून घेत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जेवणाच्या सुट्टीत न्हाणीघराला कडी लावली. हातआरसा घरात नव्हता. पिकअपचा बाजूचा आरसा बैलाने मोडून ठेवला होता, तो फरशीवर ठेवला आणि त्याच्यावर उकिडवी बसले. सहासष्ट वर्षांची मी, दोन बाळंतपणं झालेली, हजारो शेपट्या उचललेली, आणि स्वतःचं तिथलं पहिल्यांदा बघत होते. कातडी पांढरी आणि चुरगळलेली, सिगारेटच्या कागदासारखी. डाव्या बाजूला लालसर गाठ, कडा उचललेल्या.

हॅमिल्टनच्या डॉक्टरीणबाईंपुढे मला शब्द सापडेना. "खाली दुखतं," म्हटलं.

"पोटात?"

"अजून खाली."

"गुडघा का?"

शेवटी म्हटलं, "मेंढीची शेपटी उचलली की जे दिसतं ना, ते."

तिने पेन खाली ठेवलं. "चढा टेबलावर."

मी तिला ऐटीत सांगितलं की माझी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दोन वर्षांपूर्वीच झालीय आणि छान आलीय. ती म्हणाली, ती आतली. बाहेरचं त्यात कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मग सुईने बधिर करून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढला. दहा दिवसांनी फोन आला. योनिमुखाचा कॅन्सर.

बघ, लिहिला शब्द. परत लिहिते. योनिमुख. लेखणी मोडली नाही की छत कोसळलं नाही. गाठ लहान आहे आणि कापता येते. शत्रू दिसला की मला जोर चढतो, तुला माहीत आहे. नेव्हने काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "शेपटीखाली." तो म्हणाला, "मग मेलबर्नला कधी सोडू?" मेंढपाळाला शेजारी ठेवावं ते यासाठी.

आता माझा प्रश्न. तुझं गोखरू गेलं का? गेलं नसेल तर आरसा घे.

तुझी बहीण, चौदा वर्षं बोलली नसलीस तरी,
कोरली

मेलबर्न, ३ एप्रिल

ग्लेनिस,

उद्या सकाळी कापणार. हॉस्पिटलपाशी बाहेरगावच्या लोकांसाठी खोल्या आहेत, तिथून लिहितेय. खिडकीतून ट्राम दिसते. तुझं उत्तर आलेलं नाही. नसू दे, मला कोण थांबवतंय.

माझी शल्यविशारद डॉ. माव्रोस. माझ्या खांद्याएवढी उंची, आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "वीस वर्षं खाज होती, तर लावत काय होतात?"

मी पिशवीतून डबा काढून दिला. तोच, आपल्या शेडमधल्या फळीवरचा, हिरव्या मलमाचा.

तिने डबा फिरवला. "कोरली, ह्यावर मेंढी आहे."

"हो. तिच्या जखमेवर माशी बसू नये म्हणून असतं."

"आणि तुमच्यावर किती माश्या बसल्या?"

"एकही नाही," मी म्हटलं. "मलम चांगलं आहे."

ती इतकी हसली की बाहेरून नर्स डोकावली. मग हसणं थांबवून तिने सांगितलं ते नीट वाच, कारण हे तुझ्यासाठी लिहितेय. हे गोखरू असलेल्या शंभर बायकांत चार-पाच जणींनाच पुढे कॅन्सर होतो. पण खरं औषध, म्हणजे जोरकस स्टिरॉइडचं मलम, नेमाने लावलं आणि दरवर्षी कुणी जाणतं बघत राहिलं, तर तो धोका पुष्कळच उतरतो. माझ्या मेंढीछाप मलमाने फक्त थंड वाटायचं, आणि थंड वाटतंय म्हणून मी बघितलं नाही.

मला वाटलं होतं उन्हामुळे झालं असेल, मेंढ्यांना होतो तसा. ती म्हणाली, "तुम्ही तिथे ऊन कधी लागू दिलंत?" मी म्हटलं, एकोणीसशे सत्तरमध्ये एकदा, नदीवर. पुढे विचारलं नाही तिने.

आता उद्याचं. गाठ दीड सेंटिमीटर. तिच्याभोवतीची चांगली कातडीही बोटाच्या रुंदीएवढी काढायची, म्हणजे मागे काही उरत नाही. पण खरी मेख जांघेत. हा कॅन्सर पसरला तर आधी जांघेतल्या ग्रंथींत जातो. पूर्वी दोन्हीकडच्या सगळ्या ग्रंथी सरसकट काढायचे आणि पाय जन्मभर सुजलेले राहायचे. आता काय करतात माहीत आहे? मेंढ्या वेगळ्या करायची आपली अरुंद गल्ली आठव. कळप कितीही मोठा असो, सगळ्यांना पहिल्या फाटकातूनच जावं लागतं. गाठीशेजारी थोडं किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचायचा. तो रंग वाहत वाहत ज्या ग्रंथीत आधी शिरतो ते पहिलं फाटक. तेवढीच ग्रंथी काढून तपासायची. ती साफ असेल तर मागचं आवार साफ धरायचं! निळा रंग, ग्लेनिस! आपण चाळीस वर्षं मेंढ्यांवर फासला तोच धंदा! मी डॉक्टरला म्हटलं, हे तुम्हाला कुणा मेंढपाळाने शिकवलं. ती म्हणाली, माझे आजोबा ग्रीसमध्ये शेळ्या राखायचे, पण हे त्यांनी नाही शिकवलं.

पहिल्या फाटकात काही सापडलं तर किरणं घ्यावी लागतील, सोबत थोडी केमो. भीती वाटते का? वाटते. पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी आहे, खरंच सांगते.

कोरली

मेलबर्न, ६ एप्रिल

ग्लेनिस,

मी हिरवी लघवी करतेय! खोटं नाही. टोचलेला निळा रंग तिथून निघतो. दोन दिवस हिरवीगार. ब्रिजेट नावाची नर्स रोज म्हणते, "बघू द्या आजचा रंग," आणि आम्ही दोघी भांड्यावर वाकून बघतो.

बाकी काही सोपं नाही, हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील बढाया मारते. बसणं म्हणजे शिक्षा. बाटलीतून कोमट पाणी ओतत लघवी करायची, नाहीतर आग होते. टाके ओढतात. डाव्या जांघेत वेगळी चीर आहे. आज पहिल्यांदा तिथे आरसा धरला, म्हणजे ब्रिजेटने धरला. डावीकडचा ओठ जवळजवळ गेलाय. सुजलेलं, निळं, दोऱ्यांनी शिवलेलं. पाच मिनिटं रडले. कीथ गेल्याला नऊ वर्षं झाली, दाखवायचं कुणाला आहे, तरी रडले. माझं होतं ते.

शेजारच्या खाटेवर टॅमसिन म्हणून शाळेतली शिक्षिका आहे, फक्त एक्केचाळीस वर्षांची. तिचा कॅन्सर वेगळ्या वाटेने आला, एका विषाणूमुळे. त्याचीच लस आता शाळेत मुलामुलींना टोचतात. तिच्या वेळी नव्हती. ती म्हणाली, "मला हा शब्द आईजवळ बोलता येत नाही." मी म्हटलं, "माझ्याकडे बघून म्हण." आम्ही दोघींनी एकदम म्हटलं, मोठ्याने. चहाची गाडी घेऊन आलेला माणूस दारातूनच परत गेला.

नेव्ह काल चार तास गाडी हाकत आला. स्वतः भाजलेले स्कोन, ते छोटे गोडसर पाव, आणले. दगड होते, पण आणले.

जांघेतल्या ग्रंथींचा निकाल दहा-बारा दिवसांनी. पुढच्या आठवड्यात नेव्ह मला घरी नेईल. मी निकालाची वाट बघत नाही आणि तुझ्या उत्तराचीही नाही. म्हणजे बघतेय.

कोरली

कँडलबार्क, १९ एप्रिल

ग्लेनिस! साफ!

दोन ग्रंथी काढल्या, दोन्ही साफ! गाठीच्या चारी बाजूंच्या कडा साफ! किरणं नाहीत, केमो नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि ते खरं मलम जन्मभर. डॉ. माव्रोसने फोनवर सांगितलं तेव्हा मी शेडमध्ये होते. इतक्या जोरात ओरडले की कुत्रे भुंकायला लागले आणि कळप फाटक मोडून रस्त्यावर गेला. नेव्ह आणि मी दोन तास मेंढ्या गोळा करत होतो. मी चालते बदकासारखी, पण चालते.

आणि आता ते लिहायचं, जे पहिल्या पत्रापासून लेखणीत अडकलंय.

आई मूत्रपिंडाने गेली नाही.

तू होबार्टला होतीस, लग्न नवं होतं. आईला तिथे गाठ होती. किती दिवस होती कुणास ठाऊक. तिने सांगितलं तेव्हा जखम झाली होती आणि कपड्यांना वास येत होता. डॉक्टरांनी सगळं काढलं, दोन्ही जांघा उघडल्या. उजवा पाय लोडासारखा सुजला. आठ महिन्यांत गेली. ड्रेसिंग मी करत होते. तिने माझं मनगट धरून शपथ घातली, "ग्लेनिसला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. त्याला नाव लावायचं नाही." घरातला हातआरसा तिनेच फेकला. मी बत्तीस वर्षं मूग गिळून बसले. झाकली मूठ म्हणत राहिले, आणि मुठीत काय होतं तर तुझा जीव.

मुलींना हे आईकडून येतंच असं नाही, डॉक्टर म्हणाली. पण गोखरू एका घरात बऱ्याच जणींना असू शकतं. तिला होतं. मला आहे. एकदा शेवटच्या वर्षी तू म्हणाली होतीस, "घोड्यावर बसवत नाही हल्ली." मी ऐकलं होतं.

शपथ मोडली. आई रागावेल तर रागावू दे, वर गेल्यावर मी बघून घेईन. तू डॉक्टरकडे जा, ग्लेनिस. पाया पडते.

कोरली

कँडलबार्क, ११ मे

ग्लेनिस,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी तुझं अक्षर! टपालपेटीपाशी उभ्या उभ्याच वाचलं. चार ओळी, त्यातली एकही गोड नाही.

"आईचं मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी कुठेही जाणार नाही. तू नेहमीच ठाम असतेस. शेपट्यांच्या वेळीही होतीस."

आधी मी चिडले. कॅन्सर सांगतेय आणि ही शेपट्या काढते! आईचं गुपित दिलं, ते पुरलं नाही हिला! कार्ड टेबलावर आपटलं. नेव्ह चहा पीत होता. त्याला वाचून दाखवलं.

"बरोबर बोलतेय ती," नेव्ह म्हणाला.

"काय बरोबर?"

"तू गेल्या वेळी छातीठोक सांगितलंस आणि तोंडघशी पडलीस. या वेळी तिने तुझं का ऐकावं?"

मी त्याचा कप उचलून मोरीत ओतला. तो गेला. मग बराच वेळ बसले, एका कुशीवर, कारण अजून सरळ बसवत नाही.

तर ऐक. तोंडाने कधीच म्हटलं नसतं, म्हणून लिहिते.

ऑगस्ट दोन हजार चार. मादी कोकरांच्या शेपट्या कापायचा दिवस. बाबांचा नियम होता, तिसऱ्या पेरावर कापायची. बोटाने शेपटीची पेरं चाचपायची, एक, दोन, तीन, आणि मग सुरी. म्हणजे उरलेली शेपटी मेंढीचं सगळं झाकते. मी पहिल्या पेराशीच उडवत होते. आखूड शेपटी साफ राहते, कातरायला सोपी, दिसायला नीटस. तू थर्मास घेऊन आलीस, लोखंडी पाळण्यात उताणी अडकवलेल्या कोकरांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "कोरली, हिला ऊन लागेल खाली. कॅन्सर होईल." आणि मी अख्ख्या टोळीसमोर म्हटलं, "होबार्टला झाडांची रोपटी विकणाऱ्या बाईने मला मेंढ्या शिकवू नयेत." सगळे हसले. मला अजून ते हसणं ऐकू येतं.

तू थर्मास खाली ठेवलास. उरलेली नव्वद कोकरं तू घेतलीस, प्रत्येकीची पेरं मोजलीस, तिसऱ्यावर कापलीस, कानाला तुझी खूण केलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस.

माझ्या दीडशेमधल्या एकतीस मेंढ्यांना सहा-सात वर्षांत शेपटीखाली कॅन्सर झाला. तुझ्या खुणेच्या नव्वदांत एकीलाही नाही. एकीलाही. मी दर वेळी ती खूण बघायची आणि मान फिरवायची. कुणाला बोलले नाही, कीथलाही नाही. नेव्हला कळलं होतं, कारण नेव्हला सगळं कळतं. त्या हिवाळ्यात तू बाटलीने दूध पाजून वाढवलेलं कोकरू, ती बटन, मात्र म्हातारी होऊन झाडाखाली गेली, एवढं समाधान.

तू बरोबर होतीस. मी चुकले होते. चारचौघांत चुकले होते, म्हणून हे पत्र नेव्हला वाचून दाखवलं, एक तरी साक्षीदार हवा. त्याने मान हलवली आणि नवा चहा मागितला.

मी मेंढ्यांचं बघितलं नाही, माझं बघितलं नाही, आईचं झाकून ठेवलं. तीनदा तेच केलं. चौथ्यांदा तुझ्या बाबतीत करणार नाही. माझं ऐकू नकोस. तेव्हा तू स्वतः जे म्हणाली होतीस तेच स्वतःला सांग. त्या दिवशीही तूच शहाणी होतीस.

कोरली

कँडलबार्क, ८ जून

ग्लेनिस, माझ्या बये,

कार्ड आलं. पाच वेळा वाचलं. पाठ झालं. तरी उतरवून काढते, खात्री व्हावी म्हणून:

"मागच्या महिन्यात डॉक्टरला दाखवलं. गोखरूच. एक डाग तिला आवडला नाही, तुकडा काढला. कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी. सव्वीस तारखेला तेवढाच भाग काढतील. तुझ्यासारखं जांघेपर्यंत जायची गरज नाही. डॉक्टर म्हणाली, आणखी एक-दोन वर्षं गेली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं. मी घोड्यावर बसत नाही हे तू ऐकलं होतंस हे मला माहीत नव्हतं. आणि बटनची शेपटी मी थर्मास घेऊन यायच्या आधी तूच कापली होतीस. खरं सांग."

मी अंगणात नाचले. ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, नाचायला हरकत नाही. आधीची पायरी! आईला जी पायरी मिळाली नाही आणि मी जिच्यावरून डोळे मिटून उडी मारली, तिथेच तुला कुणीतरी दंड धरून थांबवलं!

खरं सांगते. बत्तीस होत्या. बत्तीसावी बटन.

मला ती गाठ दिसली तेव्हा ती सहा वर्षांची होती. हाक मारली की अजून धावत यायची, बाटली असेल म्हणून. तिला बाकीच्यांबरोबर खाटकाकडे पाठवलं नाही. नेव्हने बंदूक आणली आणि मी तिचं डोकं मांडीवर धरलं. मोठ्या कँडलबार्कच्या झाडाखाली पुरली, तिथे बाबांचा बाक आहे ना, त्याच्याशेजारी. मग तुला पत्र लिहायला बसले होते. "प्रिय ग्लेनिस" एवढंच लिहिलं आणि कागद फाडला. आठ वर्षांपूर्वी तो टाकला असता तर तू तेव्हाच आरसा घेतला असतास कदाचित. एवढंच लपवलं होतं, आता काही उरलं नाही.

सव्वीसला मी येतेय. नेव्ह तुमच्या बेटाच्या जहाजापर्यंत सोडतो. कोमट पाण्याची बाटली, बसायची ती भोक असलेली उशी आणि पिकअपचा आरसा, सगळं घेऊन येते. पहिले आठ दिवस तुला बसता येणार नाही आणि चिडचिड होईल. कुणावर तरी ओरडायला लागतंच.

दार उघडशील तेव्हा आधी बटनबद्दल भांड. मग आत घे.

कोरली